कोऱ्या स्किड प्लेटखाली लपवलेली झीज

वापरलेली व्हाइटवॉटर कनू, म्हणजे खळाळत्या पाण्यात वल्हवायची उघडी नाव, विकणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: नवखा गिऱ्हाईक ओरखडे बघतो. म्हणून तो ओरखडे तेवढे गायब करतो, आणि खरी झीज असते ती जागा झाकून टाकतो.

माझ्या गळ्यात मारलेली नाव रॉयलेक्स या थराथरांच्या प्लास्टिकची होती. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘फार जुनी नाही, हलका वापर’. बघायला गेलो तर बूड गडद, चकचकीत. दोन्ही टोकांना कोऱ्या स्किड प्लेट, म्हणजे घासण्यापासून वाचवणारी जाड ठिगळं, आत गुडघ्यांखाली नवेकोरे फोमचे मॅट चिकटवलेले. ‘नुकतीच धुतली,’ म्हणाला. नाव ओली होती हे खरंच. प्लास्टिकवरचे पांढरे ओरखडे ओलं असेपर्यंत दिसत नाहीत. ‘प्लेट मुद्दाम नव्या बसवल्या, पुढच्या मालकाला काळजी नको.’ पुढच्या मालकाची एवढी काळजी करणारा विक्रेता मी त्यानंतर पाहिलेला नाही.

रॉयलेक्स म्हणजे एकसंध प्लास्टिक नव्हे. मधे फोमचा गाभा, त्याच्या दोन्ही बाजूंना एबीएस या कठीण प्लास्टिकचे थर आणि सर्वांत बाहेर विनाइलची पातळ कातडी. ताकद एबीएसमध्ये असते. विनाइल त्याला उन्हापासून वाचवतं. नाव खडकावर किंवा वाळूवर ओढली की सगळ्यात आधी झिजतात ती दोन टोकं, कारण काठाला लागताना पहिला घासा त्यांनाच बसतो. रंग जाऊन खाली वेगळ्या रंगाचा एबीएस दिसायला लागला, की केव्हलार या चिवट धाग्याच्या जाड फेल्टला रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव) पाजून केलेली प्लेट तिथे चिकटवतात. इथवर सगळं रीतसर आहे. प्लेट असणं हा दोष नव्हे.

माझ्या नावेची मागची प्लेट खडकाळ पाण्यात लवकरच एका कडेने उचकटली. घरी आणून ती पूर्ण काढली. खाली विनाइल नव्हतं, एबीएसही नव्हता. थेट फोम होता, अंगठ्याएवढ्या पट्ट्यात, आणि नखाने दाबलं की खळगा तसाच राहत होता. वरून रेझिन चोपडून प्लेट थापली होती, एवढंच. पाल चुकचुकली म्हणून आतले मॅटही सोलून काढले. त्यांच्याखाली बुडावर या कुशीपासून त्या कुशीपर्यंत आडवी घडी होती. आतला थर तिथे तडकलेला, त्यात इपॉक्सी रेझिन भरलेलं आणि वरून रंगाचा हात फिरवलेला. नाव कधीतरी प्रवाहात खडकाला आडवी चिकटून दुमडली गेली होती. रॉयलेक्स अशा वेळी बऱ्याचदा उसळून पूर्वीच्या आकारात येतं, विशेषतः उन्हात ठेवलं की. म्हणून बाहेरून काही कळत नाही. पण थरच तुटला असेल तर घडीची रेघ आत राहतेच, आणि पुढच्या वेळी नाव तिथेच मोडते.

फोन केला तर ‘जशी आहे तशी विकली’ म्हणून त्याने काखा वर केल्या. नंतर फोन उचलणंही बंद.

वयाचं खोटंही सापडलं. अमेरिकेत बनलेल्या नावेच्या मागच्या टोकाला, उजव्या बाजूला, बारा अक्षरांचा क्रमांक असतो. 1984 नंतरच्या पद्धतीत त्याचे शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. माझ्या नावेवर ते 98 निघाले. रॉयलेक्सचं उत्पादनच 2014 साली बंद झालं आहे, तेव्हा कुणी ‘दोनतीन वर्षं जुनी रॉयलेक्स’ म्हणाला तर तिथेच हात जोडावेत.

तुम्ही बघायला जाल तेव्हा नाव कोरडी करायला लावा आणि पालथी घाला. एका टोकाशी वाकून, एक डोळा मिटून, बुडाच्या मधल्या रेषेवरून नजर टाका. रेषा आत दबलेली किंवा एका बाजूला वळलेली दिसली तर नाव पिळवटलेली आहे. मग अंगठ्याने दाबत चला; आजूबाजूपेक्षा एखादी जागा मऊ लागली किंवा टिचकीला आवाज बदलला, तर थर सुटलेत. नावेच्या वरच्या काठाला लाकडी पट्टी असेल तर स्क्रूपासून खाली जाणाऱ्या बारीक चिरा बघा. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक लाकडापेक्षा जास्त आकसतं आणि स्क्रूच्या भोकापासून तडकतं. चकाकी पुसून बघा. चोपडलेलं पॉलिश फडक्यावर येतं. खाली विनाइल फिकट आणि फोडांचं असेल तर ‘सावलीत ठेवली’ ही थाप समजा.

पॉलिइथिलीनच्या नावेला वेगळी नजर लागते. त्याला इपॉक्सी सहजासहजी धरत नाही, म्हणून तिथलं ठिगळ हेच मोठं प्रश्नचिन्ह. फायबरच्या नावेत वरच्या जेलकोटवरच्या (रंगीत, गुळगुळीत थरावरच्या) कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा बहुधा दिखाऊ असतात. त्याच जागी आतून कापड पांढरं पडलं असेल तर मात्र ती आतपर्यंत गेलेली तड आहे.

उघड्या एबीएसची, ओरखड्यांनी भरलेली नाव मी आजही बिनधास्त घेईन, भाव तसा असेल तर. फोम दिसणारीही दुरुस्त होते. घट्ट केलेलं इपॉक्सी आणि वर कापड. फक्त तो खर्च भावातून वजा व्हायला हवा, आणि आडवी घडी असलेली नाव जोरकस पाण्यासाठी घेऊच नये.

आणि भेटायला जाण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारून ठेवा: प्लेटखाली कोणता थर उघडा होता, नाव कधी खडकाला गुंडाळली गेली का, आणि प्लेट बसवण्यापूर्वीचे फोटो आहेत का. मॅटचा एक कोपरा उचलून दाखवाल का, हेही विचारा. माझा विक्रेता याचं उत्तर हसून टाळत होता.