निरोगी, पण नकोसं: सुई, रस्ता, शेल्टर की नवं घर?

जनावरांच्या दवाखान्यात हा प्रश्न अधूनमधून येतोच. लॅब्रॅडॉर नऊ वर्षांची, ठणठणीत, लसी वेळच्या वेळी झालेल्या. पण तिला सांभाळणारे आजोबा गेले, मुलगा बंगळुरूला, मुलगी कॅनडात, फ्लॅट विकायला काढलेला. किंवा घरमालक बदलला आणि नव्याला कुत्रं चालत नाही. किंवा घरात बाळ येणार आणि मांजर नको असं सासूबाईंचं म्हणणं. मग कोणीतरी आवाज खाली करून विचारतं, "डॉक्टर, एक इंजेक्शन देऊन सोडवता येईल का हिला?"

असं विचारणाऱ्याला मी निर्दय म्हणणार नाही. निर्दय माणूस डॉक्टरांना विचारायला येत नाही, तो पट्टा काढून घेतो आणि जनावराला हायवेवर उतरवतो. विचारणारा अडलेला असतो, थकलेला असतो, आणि जनावराचे हाल होऊ नयेत असं त्याला मनापासून वाटत असतं. त्याच्यासाठी सगळ्या वाटा शेजारी शेजारी ठेवते. मोजमाप एकच धरलंय: जनावराच्या वाट्याला पुढचे दिवस कसे येतील? आपल्या मनाला काय टोचेल याचा विचार त्यानंतर.

आधी कारण तपासून घ्या

पुष्कळदा जनावर नकोसं झालेलं नसतं, एखादी अडचण नकोशी झालेली असते. सोसायटीने नोटीस दिली म्हणून कुत्रं काढायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलंय की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही. ते परिपत्रक छापून सेक्रेटरींच्या हातात द्या, मग पुढचं बोला.

गरोदरपण आणि मांजर यांचंही तसंच. भीती असते टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे गर्भातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या एका जंतूची. मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडलेला हा जंतू संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस जातो. लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूची वाळू, रोजच्या रोज, घरातल्या दुसऱ्या कोणी साफ केली तर धोका फारच कमी राहतो. अर्धकच्चं मटण आणि नीट न धुतलेली भाजी यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा विचारा आणि सासूबाईंनाही सोबत घेऊन जा.

हे सगळं करूनही अडचण खरीच असेल, तर पुढे वाचा.

सुई आणि रस्ता

या दोन वाटांचा आपल्याकडे क्रम ठरलेला आहे. सुई म्हणजे हत्या, महापाप. रस्त्यावर सोडणं म्हणजे वाईट, पण चालायचंच. "निदान जीव तर घेतला नाही ना, देव बघेल त्याला." मला हा क्रम साफ चुकीचा वाटतो आणि तो बदलावा म्हणूनच हे लिहायला घेतलं.

सुईने काय होतं ते आधी पाहू. डॉक्टर आधी गुंगीचं औषध देतात. जनावर शांत झालं की पुढच्या पायाच्या शिरेत थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधाचा मोठा डोस जातो. नीट केलं तर काही मिनिटांत श्वास आणि हृदय थांबतं, वेदना होत नाहीत. हाडाच्या कर्करोगाने रात्रभर कण्हणाऱ्या कुत्र्यासाठी ही शेवटची सेवा असते आणि ती करायला कचरू नये.

निरोगी जनावराचा हिशेब मात्र वेगळा. नऊ वर्षांच्या लॅब्रॅडॉरला अजून तीन-चार वर्षं आयुष्य असू शकतं. सकाळचं फिरणं, दुपारी फरशीवर पोट टेकून झोप, कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसणं. सुई हे सगळं घेऊन टाकते आणि बदल्यात तिला काहीही देत नाही, कारण सुटका व्हावी असं दुःख तिला नसतंच. "तिला कुठे कळतं मरण म्हणजे काय?" असं म्हणतात. नसेल कळत. पण एखाद्याला हिशेब येत नाही म्हणून त्याच्या खात्यातले पैसे काढून घेतले, तर नुकसान झालं नाही असं आपण म्हणत नाही.

दुसरं एक वाक्य नेहमी ऐकू येतं: "ती आमच्याशिवाय जगूच शकणार नाही." यात प्रेम आहे, पण ते खरं नाही. घर बदललेलं मोठं कुत्रं काही दिवस नीट जेवत नाही, दाराशी बसून राहतं, रात्री रडतं. मग हळूहळू नव्या घराच्या वेळा शिकतं. काही आठवड्यांत नव्या माणसाच्या चपलांचा आवाज ओळखायला लागतं. आपल्यासाठी हे ऐकणं कठीण असतं, तिच्यासाठी ते फार चांगलं असतं.

आता रस्ता. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर जगता येत नाही. प्रत्येक गल्ली तिथल्या कुत्र्यांची असते आणि परक्याला ती फाडतात. उकिरड्यातलं खायचं कसं हे त्याला माहीत नसतं. वाहनांचा अंदाज नसतो. हस्की, सेंट बर्नार्डसारख्या केसाळ जातींना मे महिन्याचं ऊनच पुरे. पर्शियन मांजराच्या केसांच्या जटा होतात, त्या कातडी ओढतात आणि खाली जखमा होतात. शिवाय गोचीड, गोचिडाचा ताप, आणि नसबंदी झालेली नसेल तर पुढची पिल्लावळ.

एका टोलनाक्याजवळ असा एक लॅब्रॅडॉर पाहिला होता. गळ्यावर पट्ट्याच्या जागेचे केस दबलेले, पट्टा काढून घेतलेला. पांढरी गाडी थांबली की उठायचा, मागच्या दाराशी जाऊन वास घ्यायचा, परत दुभाजकाजवळ येऊन बसायचा. चहावाल्याने टाकलेल्या बिस्किटाकडे बघायचाही नाही. त्याला सोडणाऱ्याच्या हातून जीव गेला नव्हता. त्याने फक्त भूक, तहान आणि भीती यांच्या हवाली केलं होतं आणि शेवट पाहायला तो थांबला नव्हता.

म्हणून माझा क्रम असा: निरोगी जनावराला सुई देणं चूक, आणि त्याला रस्त्यावर सोडणं त्याहून मोठी चूक. पहिल्यात मरण येतं, दुसऱ्यात बहुतेकदा तेच मरण हाल होऊन येतं. आपला हात लागला नाही यामुळे जनावराला काडीचाही फरक पडत नाही.

कायद्याचंही पाहा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला कायद्यात लिहिलेला दंड १० ते ५० रुपये. एवढ्याने कोण घाबरणार? भटक्या कुत्र्यांबाबत २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम स्पष्ट आहेत: बरा न होणारा आजार किंवा जीवघेणी जखम असेल तरच दयामरण. पाळलेल्या निरोगी जनावराबाबत १९६० च्या कायद्याचा सारा रोख क्रूरतेवर आहे. म्हणून व्यवहारात गोष्ट डॉक्टरांच्या सदसद्विवेकावर येते आणि बरेच डॉक्टर साफ नकार देतात. तो नकार मनाला लावून घेऊ नका. जीव वाचवायला शिकलेल्या माणसाकडे आपण निरोगी जीव घेण्याची मागणी करतो, हे ओझं लहान नाही.

इतर देशांनी हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. जर्मनीत सबळ कारणाशिवाय कुत्र्या-मांजराला मारणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इटलीने १९९१ मध्ये कायदा करून आश्रयगृहातली निरोगी कुत्री मारणं बंद केलं. ब्रिटनमध्ये मालक म्हणाला आणि डॉक्टर तयार झाला तर निरोगी जनावराचाही जीव घेता येतो, मात्र डॉग्ज ट्रस्टसारखी मोठी संस्था निरोगी कुत्रं कधीही मारत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात शेल्टरांमध्ये वर्षाला एक कोटीहून जास्त कुत्री-मांजरं मारली जात असा अंदाज आहे. एएसपीसीए या तिथल्या प्राणिकल्याण संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ पर्यंत हा आकडा ९ लाख २० हजारांच्या आसपास आला. तो खाली आणण्यात मोठा वाटा नसबंदीचा आणि दत्तक घेणाऱ्यांचा होता. म्हणजे "नकोशी" जनावरं किती असतील हे माणसंच ठरवतात.

शेल्टर आणि नवं घर

मारायचं नाही म्हटलं की आपल्या मनात लगेच शेल्टर येतं. मुंबईला याची परंपराही जुनी आहे. १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या हुकमाने भटकी कुत्री मारली जात होती तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली, आणि १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळची स्थापना केली. न मारता सांभाळायचं, ही आपल्याकडची उदात्त कल्पना आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो.

पण आत जाऊन बघा. चांगल्या हेतूने चालणाऱ्या बहुतेक शेल्टरांत जागेपेक्षा जनावरं जास्त, माणसं कमी, पैसे त्याहून कमी. सिमेंटच्या जमिनीवर सतत बसून कोपरांना घट्टे पडलेले. पिंजऱ्याच्या जाळीवर शेपूट आपटून आपटून टोकाला जखम झालेली. एकाच जागी गोल गोल फिरणारं कुत्रं, तुम्ही समोर उभे राहिलात तरी न थांबणारं. आयुष्यभर सोफ्यावर झोपलेल्या कुत्र्याला हे रस्त्यावरच्या कुत्र्यापेक्षाही जड जातं. लहान पिलांना डिस्टेंपर आणि पार्व्हो या जीवघेण्या साथीच्या आजारांचा धोका वेगळाच. "निदान जिवंत आहे" एवढं पुरेसं नाही, आणि देणगीची पावती फाडली म्हणजे आपली जबाबदारी संपली असंही नाही.

तरीही शेल्टरची सुईशी तुलना केली तर मी शेल्टरच्या बाजूने आहे, एका अटीवर: तिथून जनावरं बाहेर घरी जात असली पाहिजेत. ठेवण्याआधी विचारा की गेल्या वर्षात किती दत्तक गेली, दिवसातून किती वेळा बाहेर काढतात, डॉक्टर कधी येतात. उत्तर देताना जे आत नेऊन दाखवतात तिथे ठेवा. फाटकावरच जनावर आणि पैसे घेतात तिथे नको.

नवं घर ही सगळ्यांत चांगली वाट आहे आणि सगळ्यांत कष्टाचीही, म्हणून माणसं ती अर्ध्यावर सोडतात. दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला, चार दिवस थांबले आणि "कोणी घेत नाही" म्हणून मोकळे. पिलाला घर पटकन मिळतं, नऊ वर्षांच्या कुत्र्याला महिने लागू शकतात. ते महिने द्यावे लागतात. ज्या जिवाने तुम्हाला नऊ वर्षं दिली त्याचा तेवढा हक्क आहे.

आणखी एक वाट, परदेशी सोबत नेण्याची. ती लोक फार लवकर बाद करतात. युरोपीय संघात भारतातून कुत्रं न्यायचं तर मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि त्या नमुन्यानंतर तीन महिने थांबणं, एवढं लागतं. म्हणजे साधारण चार-पाच महिने. खर्च मोठा आहे, सगळ्यांना झेपणार नाही. पण व्हिसाची फाइल लावता त्याच दिवशी चिप बसवलीत तर निदान हा पर्याय हातात राहतो.

चावणाऱ्या कुत्र्याचं काय?

याला मी वेगळं ठेवते. कोणीही चिथावलेलं नसताना माणसांना, विशेषतः मुलांना, वारंवार खोल चावलेलं कुत्रं शरीराने निरोगी असेल, पण त्याच्यासाठी नवं घर शोधणं म्हणजे धोका दुसऱ्याच्या घरी पाठवणं. आधी वेदना आहे का ते तपासून घ्या. कान, दात, कंबर, थायरॉइड. कुत्र्यांच्या वर्तनाच्या जाणकाराला दाखवा. सगळं करूनही उपाय निघाला नाही, तर डॉक्टरांशी बसून सुईचा विचार करणाऱ्या कुटुंबाला मी दोष देणार नाही. ओळखीच्या माणसांमध्ये, आवडीचं जेवण खाऊन गेलेलं ते कुत्रं उरलेलं आयुष्य कोंडून घेतलेल्या कुत्र्यापेक्षा कमी सोसतं. मात्र चप्पल चावणं, भुंकणं, पट्टा ओढणं याला चावरेपणा म्हणून खपवू नका. त्याचं औषध रोजचं तासभर फिरणं आहे.

शोध सुरू करताना

आधी नसबंदी करून घ्या, विशेषतः जातिवंत मादीची. "फुकट देणे आहे" अशा जाहिरातीवर पहिला फोन पिल्लं काढून विकणाऱ्याचा येऊ शकतो. लसींचं कार्ड, वजन, सवयी, आणि दोषसुद्धा लिहा: फटाक्यांना घाबरते, मांजर दिसलं की धावते, एकटी राहिली तर दार खरवडते. दोष लपवून दिलेलं कुत्रं आठवड्यात परत येतं किंवा परतही येत नाही. घेणाऱ्याच्या घरी स्वतः जा, घरातल्या सगळ्यांना भेटा, आधी दहा-पंधरा दिवस सांभाळायला द्या. जमलं नाही तर परत घेऊ असं लेखी द्या आणि तो शब्द पाळता येईल अशी सोय करून ठेवा. तिची चादर सोबत पाठवा, न धुता.

जायची तारीख आली आणि घर मिळालंच नाही, तर पैसे देऊन एखाद्या घरगुती बोर्डिंगमध्ये ठेवा आणि शोध चालू राहू द्या. तिच्या जेवणाचे, डॉक्टरांचे पैसे दर महिन्याला पाठवा. इथल्या एखाद्या भावाबहिणीला नाहीतर मित्राला दर रविवारी तिला भेटायला जायला सांगा, आणि तो गेला की व्हिडिओ कॉल लावा. समोरच्याला कळतं की विचारणारं कोणीतरी आहे, आणि मग तिची काळजी जास्त चांगली घेतली जाते.