३२ जीबी रॅम, पोस्टग्रेस १६ आणि दर दहा दिवसांचं बिल: आठ महिन्यांचा अनुभव

एका दूध संघाचं संकलन आणि बिलाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. सकाळ-संध्याकाळ गावोगावच्या केंद्रांवरून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) येत राहतं आणि १, ११ व २१ तारखेला सगळ्या उत्पादकांची बिलं काढायची असतात. एरवी सर्व्हर निवांत; बिलाच्या रात्री मात्र त्याची दमछाक. मार्चमध्ये हे सगळं मायएसक्यूएल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस १६ या दुसऱ्या डेटाबेसवर आणलं. मशीन ३२ जीबी रॅमचं, वर उबंटू लिनक्स, दुसरं फारसं काही चालत नाही. त्याच्या मेमरी सेटिंग्जशी आठ महिने झटापट केली, ती इथे लिहितोय. आकडे आमच्या मशीनचे आहेत, तसेच्या तसे उचलू नका.

पोस्टग्रेस बसवल्या बसवल्या शेअर्ड बफर्स (वाचलेला डेटा रॅममध्ये ठेवायची पोस्टग्रेसची सामायिक कॅश) १२८ एमबी आणि वर्क मेम (क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, सोडवताना लागणारी मेमरी) ४ एमबी असते. कुठल्याही फुटकळ मशीनवर सुरू व्हावं म्हणून ठेवलेले हे आकडे; ते बदलावेच लागतात. माझी चूक बदलण्यात नव्हती, जुन्या सवयीने बदलण्यात होती. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबीच्या (त्याच्या साठवणीच्या इंजिनाच्या) बफर पूलला, म्हणजे तिथल्या डेटाच्या कॅशला, रॅमचा ७० टक्के वाटा बिनदिक्कत देत आलो होतो आणि तिथे ते बरोबरही आहे. इथेही त्याच हिशोबाने शेअर्ड बफर्सला २० जीबी देऊन टाकले. पण पोस्टग्रेस फाइली वाचतं ते लिनक्सच्या कॅशमधून. म्हणजे ८ केबीचं तेच पान एकदा लिनक्सकडे आणि एकदा पोस्टग्रेसकडे, असं दोनदा रॅम अडवून बसू शकतं. अधिकृत माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की २५ टक्क्यांपासून सुरुवात करा, ४० टक्क्यांच्या वर गेल्याने फायदा होण्याची शक्यता कमी. ते मी वाचलं एप्रिलच्या शेवटी! आता ८ जीबी आहे आणि बिलाच्या वेळेत कणभर फरक पडलेला नाही.

कॅश हिट रेशो (किती वाचनं शेअर्ड बफर्समध्येच भागली ते प्रमाण) ९९ टक्के दिसतो म्हणून खूश होणाऱ्यांत मीही होतो. त्यात लिनक्सच्या कॅशमधून आलेलं पानही 'बाहेरून वाचलं' असंच मोजलं जातं, त्यामुळे डिस्कला खरोखर किती हात लागला ते त्यावरून कळत नाही. इफेक्टिव्ह कॅश साइझ २२ जीबी ठेवली आहे. हे सेटिंग एक बाइटही रॅम घेत नाही, प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) फक्त अंदाज देतं की एवढा डेटा बहुधा मेमरीत सापडेल. नावाला घाबरून ते कमी ठेवलेली मंडळी पाहिली आहेत.

खरी गंमत वर्क मेमची. बिलाच्या क्वेरीवर एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी चालवून तिचा टप्प्याटप्प्याचा हिशोब दाखवणारी आज्ञा) चालवलं तर सॉर्टखाली 'एक्सटर्नल मर्ज' आणि डिस्कचा आकडा दिसत होता. म्हणजे ४ एमबीत मावत नाही म्हणून तात्पुरत्या फाइली पाडून क्रमवारी लावणं चाललं होतं. मी वर्क मेम थेट २५६ एमबी केली, सगळ्यांसाठी. १ एप्रिलची बिलं इतकी झटपट निघाली की अकाउंटच्या साहेबांचा फोन आला, "अहो, झालं का खरंच? का अर्धवट सोडलंय?"

११ तारखेला संध्याकाळचं संकलन, बिलं आणि कुणीतरी लावलेला तालुकावार रिपोर्ट एकाच वेळी आले. सव्वासातला सगळ्या केंद्रांची कनेक्शनं एकदम तुटली. लॉग पाहिला तर लिनक्सच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या यंत्रणेने) पोस्टग्रेसची एक प्रोसेस मारली होती. मारली एकच, पण अशी प्रोसेस गेली की सामायिक मेमरीत काही बिघडलं असेल या शंकेने पोस्टग्रेस बाकी सगळ्यांनाही बाहेर काढतं आणि रिकव्हरीला बसतं. डेटा एक ओळही गेला नाही, हे कौतुकानेच सांगतो. पण दूध घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याचं काय? केंद्रांच्या सचिवांनी त्या दिवशी वहीत नोंदी केल्या.

हिशोब नंतर मांडला. २५६ एमबी ही एका कनेक्शनची मर्यादा नाही. क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला आणि प्रत्येक हॅशला (टेबलं जोडताना किंवा गट पाडताना मेमरीत बनणाऱ्या तक्त्याला) तेवढी मुभा आहे. त्यात आवृत्ती १५ पासून हॅशचा गुणक मुळातच २ असतो, म्हणजे हॅशला ५१२ एमबी. क्वेरी समांतर धावली तर मुख्य प्रोसेस आणि दोन मदतनीस, म्हणजे तिप्पट. एका क्वेरीतला एक हॅश दीड जीबीपर्यंत जाऊ शकतो, आणि आमच्या बिलात असे दोन होते. वर २० जीबी शेअर्ड बफर्समध्ये अडकलेले. मशीन पडलं नसतं तरच नवल.

आता सगळ्यांना वर्क मेम १६ एमबी. बिलासाठी डेटाबेसमध्ये वेगळा यूजर काढला आणि फक्त त्यालाच २५६ एमबी दिली. ऑल्टर रोलची एक ओळ, रीस्टार्टही लागत नाही. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त फळ या एका ओळीने दिलं. केंद्रांची कनेक्शनं पीजीबाउन्सरमधून (थोडीच कनेक्शनं सगळ्यांना वाटून देणाऱ्या मधल्या प्रोग्राममधून) येतात, त्यामुळे आत एका वेळी ४० च्या वर जात नाहीत. तात्पुरत्या फाइलींची नोंद लॉगमध्ये यावी म्हणून लॉग टेम्प फाइल्स शून्यावर ठेवलंय (मुळात ते बंद असतं). कोणती क्वेरी डिस्कवर सांडते ते महिन्याभरात समजतं. शिवाय लिनक्सचं ओव्हरकमिट (आहे त्याहून जास्त मेमरी कबूल करायची का, हे सेटिंग) २ वर, म्हणजे 'नाही'वर, नेलं आणि त्याचा रेशो (रॅमचा किती टक्के भाग कबूल करायचा) ५० वरून ८०. आता मेमरी संपलीच तर त्या एका क्वेरीला एरर येते, बाकीचे वाचतात.

ह्यूज पेजेसच्या (मेमरी मोठमोठ्या पानांत वापरायच्या लिनक्सच्या सोयीच्या) बाबतीत फसलो. सेटिंग मुळात 'ट्राय' असतं, म्हणजे जमलं तर वापर, नाहीतर गुपचूप पुढे जा. लिनक्समध्ये मी ४००० पानं राखून ठेवली होती आणि सगळं ठीक आहे या समजुतीत जूनपर्यंत राहिलो. प्रत्येक पान २ एमबीचं, त्यामुळे नुसत्या ८ जीबीलाच ४०९६ लागतात आणि वर थोडी जास्त. एकही वापरलं जात नव्हतं! आता 'ऑन' ठेवलंय, कमी पडलं तर सर्व्हर सुरूच होत नाही, निदान कळतं तरी.

मेन्टेनन्स वर्क मेम (देखभालीच्या कामांना मिळणारी मेमरी) १ जीबी आहे. मोठ्या टेबलावर इंडेक्स बांधताना फरक जाणवतो. मात्र ऑटोव्हॅक्यूमची (टेबलांतल्या निरुपयोगी ओळी आपोआप साफ करणाऱ्या कामाची) मेमरी वेगळी सांगितली नाही तर त्याचे तिन्ही कामगार प्रत्येकी तेवढीच धरू शकतात, म्हणून ती २५६ एमबी केली.

तक्रारी दोन. शेअर्ड बफर्स बदलायला रीस्टार्ट लागतो; मायएसक्यूएलमध्ये बफर पूल चालू सर्व्हरवर बदलायची सवय झालेल्याला हे जाचतं. दुसरी मोठी: सगळ्या क्वेरींनी मिळून अमुक जीबीच्या वर जाऊ नये, असं सांगायची सोय पोस्टग्रेस १६ मध्ये नाही. गुणाकार आपणच करायचा. लिनक्सच्या टॉपमध्ये (चालू प्रोसेस दाखवणाऱ्या आज्ञेत) बघून तो करायला जाऊ नका. तिथे प्रत्येक प्रोसेसच्या खात्यावर तीच सामायिक मेमरी पुन्हा पुन्हा दिसते आणि बेरीज रॅमच्या पलीकडे जाते.

दिवाळीआधी दूध फरकाचं बिल निघालं. त्यात अख्ख्या वर्षाचं संकलन एकत्र येतं, त्यामुळे २५६ एमबीतही ते मावणार नव्हतं. एका रात्रीपुरती बिलाच्या यूजरला १ जीबी द्यावी असं फार वाटलं, पण त्याच वेळी संध्याकाळचं दूध चालू होतं. नाही दिली. तात्पुरत्या फाइली पडल्या, लॉग भरला, पहाटे बिलं तयार होती आणि केंद्रांवर कुणाला वही काढावी लागली नाही.