आठ महिने कोळशाची शेगडी, पोर्कच्या सळया आणि काकवीचं ग्लेझ: वापरानंतरचा अनुभव

नोव्हेंबरात ऑनलाइन सेलमध्ये ही कोळशाची शेगडी घेतली, २७९९ रुपये. पहिल्याच रविवारी पनीर आणि सिमला मिरची भाजली, फोटो काढले आणि पाच स्टार देऊन मोकळा झालो. ते पाच स्टार आता परत घेतोय. आठ महिने झाले, वीस-बावीस वेळा पेटवली असेल, त्यातल्या पंधराएक वेळा नुसत्या पोर्कच्या सळया, आणि पोर्क हा असला प्रकार आहे की शेगडीची सगळी अंडीपिल्ली बाहेर काढतो. पनीरला काय, कशावरही भाजतंय.

वस्तू काय आहे ते आधी सांगतो. दीड फूट बाय एक फूट पत्र्याचा डबा, घडीचे पाय, क्रोमची जाळी, लाकडी मुठीच्या आठ सळया आणि एक चिमटा, जो पहिल्या दिवशीच वाकला. बाजूला हवेला भोकं आहेत पण ती उघडझाप करायची सोय नाही, म्हणजे जाळ वाढवायचा तर पुठ्ठ्याने वारा घाला आणि कमी करायचा तर देवाचं नाव घ्या. कोळसा आणि जाळी यांच्यात जेमतेम अडीच इंच जागा. ‘जाळ अन् धूर संगटच’ हे बोलायला भारी वाटतं राव, पण वर चरबीचं पोर्क असताना तेच खरं व्हायला लागलं की घाम फुटतो.

पहिल्यांदा मी बेली आणली होती, म्हणजे पोटाकडचं, चरबीचे थर असलेलं. व्हिडिओत तेच दाखवतात. चरबी वितळून थेंब निखाऱ्यावर पडला की भक्कन जाळ वर येतो, वरचा तुकडा काळा होतो, तो वाचवायला सळई उचलली की शेजारच्या सळईचा थेंब पडतो, परत जाळ. दहा मिनिटं मी टेरेसवर नुसता नाचत होतो. शेवटी बाहेरून कोळसा, आतून गुलाबी आणि सगळ्याला काजळीची कडवट चव. दोस्त म्हणाला, भावा, ह्यापेक्षा मटण आणलं असतं तर आतापर्यंत तांबडा-पांढरा वरपून झोपलो असतो. त्याचं चुकलं नव्हतं.

आता वापरतो ते खांद्याचं. चरबी असते पण थरांनी नाही, मधेमधे शिरलेली, त्यामुळे ओलसर राहतं आणि भडका कमी. कोल्हापुरात पोर्क काय मटणासारखं गल्लोगल्ली मिळत नाही, मी एका फ्रोझनवाल्याला आदल्या आठवड्यात सांगून ठेवतो, नाहीतर बेळगाव-गोव्याकडं कोण जाणार असेल तर आइसबॉक्स त्याच्या गळ्यात. तुकडे साधारण सव्वा इंचाचे, रेषेला आडवे कापायचे, नाहीतर चघळत बसावं लागतं. किलोला १५ ग्रॅम मीठ आणि आलं-लसूण आदल्या रात्री चोळून फ्रिजमध्ये. कच्ची पपई लावू नका, मी एकदा रात्रभर लावून ठेवली आणि सकाळी सळईत घालताना तुकडे हातात पिठासारखे झाले.

आमच्या आईचा ह्या सगळ्याला विरोध, आणि भांडी वेगळी पाहिजेत ही अट पहिल्या दिवसापासून, ती मी पाळतो, वर टेरेसवर वेगळी टोपली आहे. पण तिची खरी भीती वेगळी होती, डुकराच्या मांसातले जंत मेंदूत जातात म्हणून. शेवटी आमचे दाजी डॉक्टर आहेत त्यांना फोन लावून दिला. ते म्हणाले, मामी, अर्धंकच्चं पोर्क खाल्लं तर पट्टकृमी पोटात होतो. मेंदूत गाठी होतात त्या त्याच्या अंड्यांमुळे, आणि ती अंडी मांसात नसतात, जंत झालेल्या माणसाच्या शौचातून पाण्यात, भाजीत येतात, म्हणजे न धुतलेल्या कोथिंबिरीतूनसुद्धा. नीट शिजवा आणि हात धुवा, बाकी काय नाही. तेव्हापासून आई पोर्कला काय बोलत नाही पण माझी कोथिंबीर तीन पाण्यातून काढते.

ह्यावरून एक सांगतो, थर्मामीटर घ्या. सुई खुपसायचा साधा डिजिटल मिळतो. अख्ख्या तुकड्याला आतून ६३ अंश सेल्सिअस आणि मग तीन मिनिटं बाजूला ठेवायचं एवढं पुरतं, खिम्याचं केलं तर ७१. पण खांद्याचं ६३ ला रबरासारखं लागतं, मी ७५ च्या आसपास नेतो, तिथं ते सैल पडतं. शेगडीच्या पुस्तिकेत ह्यातलं एक अक्षर नाही, ‘एंजॉय युवर पार्टी’ एवढंच.

आता सळया. बरोबर आलेल्या गोल आहेत आणि गोल सळई पोर्कला बिनकामाची, का तर तुम्ही मूठ फिरवली की सळई फिरते आणि तुकडा होता तिथंच खाली तोंड करून जळत राहतो. ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’ म्हणतात ते ह्या सळ्यांना माहीतच नाही. लाकडी मुठी तर तिसऱ्या वेळी तडकल्या. चपट्या पट्टीच्या सळया उद्यमनगरातून, म्हणजे आमच्या कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वसाहतीतून, करून घेतल्या, आणि तिथूनच ह्या शेगडीचं नशीब बदललं.

झालं असं की फेब्रुवारीत एक पाय रिबिटातून निखळला. मी डबा उचलून शिवाजी उद्यमनगरात एका ओळखीच्या शेडमध्ये नेला, म्हटलं जरा टाका मारून द्या. त्यांनी डबा हातात घेतला, बोटाच्या पेराने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि खाली ठेवला. म्हणाले, ‘मालक, ह्यो पत्रा बिस्किटाच्या डब्याचा हाय. ह्याला वेल्डिंग धरायचं न्हाय, भोक पडंल.’ मग त्यांनी डब्याला हातच लावला नाही, त्याच्या मापाची अँगलची चौकट केली, डबा त्यात बसवला आणि जाळीसाठी चौकटीला दोन खाचा दिल्या, एक कोळशापासून चार इंचावर, एक सहा इंचावर. जाळी एसएस ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या सहा एमएम रॉडची. मी स्वस्तात जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, जाळी टाका म्हणत होतो तर मलाच शिव्या खाव्या लागल्या, त्यावर जस्ताचा थर असतो, तापला की त्याचा धूर निघतो आणि तो छातीत जातो, वेल्डिंगवाल्यांना हे अनुभवाने ठाऊक असतं. सगळे मिळून १६०० गेले.

आणि निघताना त्यांनी दोन फायर ब्रिक, म्हणजे भट्टीच्या विटा, दिल्या, फौंड्रीतल्या जुन्या. कोल्हापुरात ह्या विटांना तोटा नाही. त्या शेगडीत आडव्या लावून मी दोन भाग केले, एका बाजूला सगळा कोळसा, दुसरी बाजू रिकामी. बास, एवढ्याने निम्मी कटकट संपली. आधी रिकाम्या बाजूला वरून एक जुनं पातेलं पालथं घालून पंधरा-वीस मिनिटं आत शिजू द्यायचं, मग निखाऱ्यावर आणून रंग द्यायचा. चरबीचा थेंब पडला तर रिकाम्या पत्र्यावर पडतो, भडका नाही. वीट तापली की ती उष्णता धरून ठेवते, त्यामुळे पातळ पत्र्याचं वाऱ्याबरोबर थंड-गरम होणंही कमी झालं. हे कंपनीला सुचलं नाही, उद्यमनगरात फुकट मिळालं.

कोळसा मी, इस्त्रीवाल्याला जो पुरवतो त्याच्याकडून घेतो, बाभळीचा लोणारी कोळसा. पाकिटातल्या गोळ्या बघितल्या, राख फार. पेटवायला रॉकेल-पेट्रोल काही नको, वास मांसात उतरतो. करवंट्या आणि दोन वड्या कापूर. पंचवीस मिनिटं थांबायचं, निखाऱ्यावर पांढरी राख धरली पाहिजे. मग जाळीच्या उंचीवर तळहात धरायचा, तीन-चार आकडे मोजेपर्यंत सहन झालं तर बरोबर. एकदा हौसेने चार शेणी पण घातल्या होत्या, चव गोठ्याची आली, पुन्हा नाही.

आता ग्लेझ, म्हणजे भाजताना वरून लावायचा चकचकीत गोड थर, ज्याच्यासाठी हा सगळा उद्योग. सुरुवातीला मध, सॉस, चिली फ्लेक्स असलं काहीतरी लावायचो. फिलिपिन्समध्ये म्हणे पोर्कच्या सळ्यांना केळ्याचं केचप लावतात आणि थायलंडात मू पिंग नावाच्या त्यांच्या पोर्कच्या सळ्यांना नारळाचं दूध आणि ताडगूळ. म्हटलं, गूळच लावायचा तर कोल्हापुरात बसून दुसऱ्याचा कशाला, २०१४ साली आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. पहिल्यांदा ढेपेचा गूळ वितळवून, चिंचेचा कोळ आणि कांदा-लसूण मसाला घालून आटवला. चव एक नंबर, पण गार झालं की चिक्की. ब्रशचे केस त्यात अडकून बसले आणि सळईवर थर असा कडक झाला की खाताना दाताला टोचायचा.

मग करवीरमधल्याच एका मित्राच्या गुऱ्हाळावर जानेवारीत गेलो होतो, तिथं काहिलीतून काढलेली गरम काकवी भाकरीवर घालून दिली आणि डोक्यात उजेड पडला. गूळ घट्ट व्हायच्या आधीच काढलेली असते, त्यामुळे गार झाली तरी मधासारखी वाहती राहते. येताना दोन लिटर घेऊन आलो. पाव किलो काकवी, तीन चमचे चिंचेचा कोळ, एक चमचा व्हिनेगर, आठ लसूण पाकळ्या ठेचून, दोन चमचे कांदा-लसूण मसाला आणि चवीपुरतं मीठ. मसाला आधी अर्धी वाटी पाण्यात उकळून घ्यायचा, कोरडा टाकला तर त्यातलं खोबरं आणि तीळ जाळीवर पहिले करपतात. मग काकवी. ताटलीत थेंब टाकून ताटली तिरकी करायची, थेंब पळाला नाही, नुसता सरकला, की गॅस बंद. रंगाला ब्याडगी पूड वरून अर्धा चमचा, तिखट हवं असेल तर संकेश्वरी. ब्याडगीने तोंड भाजत नाही, फक्त लालभडक दिसतं, पाहुण्यांना घाबरवायला चांगली.

आणि ग्लेझ लावायचं शेवटच्या पाच मिनिटांत, आधी अजिबात नाही. हे मी तीन वेळा सळया जाळून शिकलोय. साखर आपली १६० च्या आसपास रंग धरते, काकवीतली तर त्याच्याही आधी, आणि निखाऱ्यावर त्याच्या दुपटीने तापलेलं असतं. एक पातळ हात, पलटी, दुसरा हात, पलटी, असे तीन हात. तिसऱ्या हाताला बुडबुडे येऊन कडेला किंचित काळी बारीक नक्षी दिसायला लागते, काकवीचा वास बदलतो, गोडाचा जाऊन जरा भाजक्या उसासारखा येतो, तेव्हा उचलायचं. त्यानंतर मोबाईल वाजला तरी घ्यायचा नाही.

तक्रारी अजून आहेत. गंज. जानेवारीत तळाला ठिपके, मार्चमध्ये एका कोपऱ्यात बोट जाईल एवढं भोक. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं, गंज वॉरंटीत येत नाही. म्हटलं, मग शेगडीच्या वॉरंटीत येतं तरी काय? त्याला उत्तर नाही. राख लगेच काढून टाकली नाही तर ती दमट हवेत ओल धरते आणि पत्रा खाते, हा माझाही निष्काळजीपणा, मान्य. आता प्रत्येक वेळी राख काढून तेलाचा बोळा फिरवतो.

दुसरं, राखेचे कण. झाकण नसल्यामुळे वारं आलं की शेजारच्या दोरीवरचे कपडे. खालच्या काकूंची पांढरी चादर गेली एकदा. त्या शनिवारी-सोमवारी खात नाहीत, म्हणून मी वार बघून पेटवायचो, पण चादरीला वार नसतो. नवीन चादर आणून दिली, वर दोन सळया पण दिल्या. चादर ठेवून घेतली, सळया काकांनी खाल्ल्या.

आणि पावसाळ्यात एक मूर्खपणा केला तो लिहितो म्हणजे दुसरं कोण करणार नाही. जूनच्या शेवटी पाऊस थांबेना म्हणून जिन्याखाली, शटर अर्धं ओढून पेटवली. वीस मिनिटांत डोकं जड, मळमळ. बायकोने येऊन शटर वर केलं आणि मला ओढून बाहेर बसवलं. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला ना रंग ना वास, धूर दिसत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. बंद जागेत कोळसा नाही म्हणजे नाही. तेव्हापासून शेगडी ताडपत्रीखाली आहे आणि आता श्रावण संपेपर्यंत तशीच राहील.

घ्यावी का? ह्या मॉडेलला माझ्याकडून दोन स्टार, तेही डब्याचं माप बरोबर आहे म्हणून. २७९९ आणि वर १६०० घातल्यावर माझ्याकडे जी शेगडी झालीय त्यात कंपनीचा फक्त भोक पडलेला पत्रा उरलाय. गणपतीनंतर तोही काढून तीन एमएमचा डबा करायला सांगितलाय, कच्चं माप देऊन आलोय, ह्यावेळी हवेच्या भोकांना सरकती पट्टी आणि वर झाकण. शेडवाले म्हणाले, पैसे नंतर द्या, पण पहिल्या सळया इथं पोचल्या पाहिजेत, आणि तिखट जरा जास्त.