हाय-लो, के-ओ आणि हाय-ऑप्ट टू : काही महिन्यांच्या वापरानंतर

ब्लॅकजॅकमध्ये गेलेली पानं मोजत राहून उरलेल्यांत मोठी जास्त की छोटी याचा अंदाज घ्यायच्या या तीन पद्धती; मोठी जास्त उरली की पैज वाढवायची. आधी निकाल. सहा कॅटच्या टेबलावर नव्याने मोजायला शिकणाऱ्याने के-ओ घ्यावी. हाय-लो आधीच हातात बसली असेल तर ती बदलायचं कारण नाही. हाय-ऑप्ट टू फक्त एक-दोन कॅटच्या खेळासाठी ठेवावी, आणि तीही एक्के वेगळे मोजायची तयारी असेल तरच. तिन्ही पद्धती महिनोनमहिने आलटून पालटून वापरल्यावर बनलेलं हे मत आहे.

पानाला किंमत का मिळते, हे कळलं की तक्ता पाठ करावा लागत नाही. एका कॅटमधून एक पान काढून टाकलं तर खेळणाऱ्याचा फायदा किती वाढतो किंवा घटतो, हे मोजायचं. पंजी काढली तर सुमारे ०.६९ टक्के फायदा. चौकी ०.५५, छक्की ०.४६, तिर्री ०.४४, दुर्री ०.३८, सत्ती ०.२८. अठ्ठी जवळपास शून्य. नव्वी काढली तर ०.१८ नुकसान, दहा किंवा चित्राचं पान ०.५१, एक्का ०.६१. नियमांप्रमाणे दुसऱ्या दशांशात थोडं इकडेतिकडे होतं, क्रम तोच राहतो.

पंजी सगळ्यात वर का? डीलरला, म्हणजे कॅसिनोच्या वतीने खेळणाऱ्याला, १६ पर्यंत पान घ्यावंच लागतं, आणि बेरीज २१ च्या वर गेली की हात फुटतो. १२ ते १६ मधल्या कुठल्याही हातावर पंजी आली की १७ ते २१, म्हणजे डीलर प्रत्येक वेळी सुटतो. छक्की आली तर १६ चे २२ होऊन हात फुटतो, सत्ती आली तर १५ सुद्धा फुटतात. आपल्याला १२ वर थांबता येतं, डीलरला येत नाही. छोट्या पानांचं बरंचसं वजन या एका नियमातून येतं. एक्क्याचं कारण निराळं. ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहा किंवा चित्र, दोघांनाही सारखाच लागतो, पण आपल्याला दीडपट मिळतात आणि डीलरला लागला तर आपली एकच पैज जाते.

आता हे दशांश डोक्यात कोण ठेवणार? म्हणून गोळाबेरीज. हाय-लोमध्ये २ ते ६ ला अधिक एक, ७-८-९ ला शून्य, दहा-चित्रं-एक्का वजा एक. वीस पानं अधिक, वीस वजा, कॅट संपला की शून्य. पंजी आणि दुर्री एकाच मापात बसवली तरी पैज ठरवण्याच्या कामात ही पद्धत आदर्श मोजणीशी ०.९७ इतकी जुळते. हाय-ऑप्ट टूमध्ये ४-५ ला दोन, २-३-६-७ ला एक, दहा-चित्रांना वजा दोन, एक्क्याला शून्य. इतकी बारकाई करूनही पैजेसाठी तिचा आकडा ०.९१ च, कारण एक्काच वगळलाय. मात्र हात कसा खेळायचा हे ठरवताना ती ०.६७ पर्यंत जाते, हाय-लो ०.५१ वर राहते. १६ वर एक्का आला तर तो छोट्या पानासारखाच वागतो, आणि इन्शुरन्समध्ये, म्हणजे डीलरचं उघडं पान एक्का असताना त्याला ब्लॅकजॅक लागेल यावर लावायच्या वेगळ्या पैजेत, त्याचं झाकलेलं पान दहा किंवा चित्र आहे का एवढाच प्रश्न असतो. तिथे एक्क्याला वजा धरणं हीच चूक ठरते.

एक्के वेगळे मोजणं कागदावर सोपं वाटतं. दर १३ पानांत एक एक्का अपेक्षित. दोन कॅटमधली ५२ पानं गेली आणि दोनच एक्के दिसले, तर दोन एक्के जास्त उरलेत. पैजेपुरते मोजणीत प्रत्येकी दोन, म्हणजे चार मिळवायचे, हात खेळताना मात्र नाही. दोन आकडे, त्यातला एक कधी वापरायचा आणि कधी नाही. डीलर जलद असेल तर पहिला बळी एक्क्यांच्या मोजणीचा जातो.

हाय-लोचा खरा त्रास भागाकाराचा: चालू मोजणी, म्हणजे आतापर्यंतची बेरीज, शिल्लक कॅटनी भागली की खरी मोजणी मिळते. चालू मोजणी अधिक नऊ आणि तीन कॅट शिल्लक, तर खरी मोजणी तीन: इन्शुरन्स घ्यायची वेळ. टाकलेल्या पानांचा ढीग चुकीचा वाचून चार कॅट उरलेत असं वाटलं तर सव्वादोन, आणि इन्शुरन्स सुटतो. घरी एक, दीड, दोन, अडीच कॅटचे ढीग रचून नजर बसवावी लागते. न दिसलेली पानं, अगदी डीलरने सुरुवातीला बाजूला टाकलेलं पानसुद्धा, शिल्लक पानांत धरायची.

के-ओ हा भागाकारच काढून टाकते. बाकी सगळं हाय-लोसारखं, फक्त सत्तीलाही अधिक एक, म्हणून प्रत्येक कॅटमागे चार उरतात. सहा कॅटला सुरुवात वजा २० पासून, वजा ४ ला पैज वाढवायची, अधिक ३ ला इन्शुरन्स. वजा चिन्ह डोक्यात हरवतं, तेव्हा सगळ्यात २० मिळवून टाका: सुरुवात ०, पैज १६ ला, इन्शुरन्स २३ ला. हे केल्यावर चुका लक्षणीय कमी होतात.

तिची खोट मात्र ओळखून असावी. के-ओचा आकडा (वजा २० पासूनच्या मूळ मोजणीत) फक्त अधिक ४ ला अचूक असतो. वजा ४ असताना पाच कॅट शिल्लक असतील तर खरी मोजणी जवळपास २.४, दोनच कॅट असतील तर शून्य. म्हणजे पेटीच्या (सगळे कॅट ठेवलेल्या डब्याच्या) सुरुवातीला ती उशिरा जागी होते आणि शेवटी उगाच पैज वाढवायला लावते. शेवटच्या दोन कॅटमध्ये पैज वाढवण्याआधी मोजणी आणखी दोन-तीनने वर जाऊ द्यावी.

सरावासाठी कॅटमधून तीन पानं न बघता बाजूला ठेवा आणि उरलेली दोन-दोन उलटत जा. चित्र आणि छोटं पान जोडीने आलं की शून्य, पुढे चला. हाय-लोमध्ये बेरीज अधिक दोन आली तर बाजूच्या तिघांची वजा दोन असली पाहिजे. के-ओमध्ये शून्यापासून सुरू केलं तर सगळे मिळून चार. अर्ध्या मिनिटाच्या आत हे सलग जमेपर्यंत टेबलाकडे फिरकू नये. टेबलावर नेहमीची चूक म्हणजे हात गोळा करताना तीच पानं दुसऱ्यांदा मोजणं. पान उघडल्या क्षणीच मोजायचं, नंतर नाही.

गोव्याच्या बोटीवर असो वा लास वेगासला, बसण्याआधी दोन गोष्टी बघा. पानं सतत पिसणारं यंत्र असेल तर गेलेली पानं लगेच परत पेटीत जातात, मोजायला काही उरतच नाही. आणि ब्लॅकजॅकला ३ ला २ ऐवजी ६ ला ५ देत असतील तर सुमारे १.४ टक्के तिथेच गेले. खऱ्या मोजणीचा एक अंक साधारण अर्ध्या टक्क्याचा, म्हणजे जवळजवळ तीन अंक फक्त ते भरून काढायला लागतात.