घरच्या मैदानावरचा पराभव दुरून: ऐकावा की पाहावा?

आपला संघ घरच्या मैदानावर हरत असताना दूर असलेल्या चाहत्यापुढे दोन मार्ग असतात: थेट चित्र पाहणे किंवा केवळ समालोचन ऐकणे. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलला फुटबॉलच्या विश्वविजेतेपदासाठी उरुग्वेशी बरोबरीही पुरेशी होती. ४७व्या मिनिटाला आघाडी घेऊनही ब्राझील १-२ असा हरला, आणि देशात दूरचित्रवाणी सुरू झालेली नसल्यामुळे मैदानाबाहेरच्या चाहत्यांनी तो पराभव रेडिओवरच ऐकला. ऐकणाऱ्याला चूक कोणाची हे दिसत नाही; मात्र घरच्या प्रेक्षकांचा आवाज अचानक बसला, की समालोचकाने सांगण्याआधीच काय घडले ते कळते, आणि माझ्या मते ती शांतता कोणत्याही दृश्यापेक्षा अधिक बोचते.

याउलट ८ जुलै २०१४ रोजी ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथे जर्मनीने ब्राझीलला ७-१ असे हरवले, तेव्हा २३ ते २९ या मिनिटांत झालेले चार गोल जगाने पडद्यावर पाहिले. चित्रामुळे बचावफळी कशी विस्कळीत झाली हे नीट समजते. पण चेंडू जाळ्यात जाताना पुन्हापुन्हा पाहावा लागतो, ही त्याची किंमत (आणि ती हरणाऱ्यालाच मोजावी लागते).

इंटरनेटवरील थेट चित्र बहुधा काही सेकंद मागे असते, त्यामुळे गोलची सूचना फोनवर आधी येते. चित्र निवडणाऱ्याने निदान सूचना बंद ठेवाव्यात. मी स्वतः समालोचनच निवडतो.