पश्चिमेच्या भिंतीला निचऱ्याचे आवरण: दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर 2024 च्या उन्हाळ्यात आम्ही एक खोली चढवली. खालच्या भिंती विटा-चुन्याच्या आणि वय झालेल्या असल्यामुळे त्यांच्यावर आणखी विटांचे ओझे नको, असे अभियंत्यांनी स्पष्ट सांगितले होते. म्हणून खोलीचा सांगाडा गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या चॅनलचा, बाहेरून फायबर सिमेंटचे बोर्ड, मध्ये रॉकवूल म्हणजे दगडी तंतूंचा उष्णतारोधक थर आणि आतून जिप्सम बोर्ड अशी रचना ठरली. खोली यजमानांच्या तबल्याच्या शिकवणीसाठी आहे. हवेत ओल शिरली की पुडीचा, म्हणजे तबल्याच्या चामड्याचा, सूर उतरतो आणि शिकवणीचा अर्धा वेळ तबला लावण्यातच जातो, त्यामुळे भिंत कोरडी राहणे ही आमच्यासाठी नुसती रंग टिकण्यापुरती बाब नव्हती. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस आमच्याकडे थेट पश्चिमेच्या भिंतीवर आदळतो. त्या भिंतीला बोर्डांच्या मागे आम्ही पाण्याचा निचरा करणारे हाऊस रॅप लावले. त्यानंतर दोन पावसाळे गेले असून त्यातला पहिला वाईट गेला आणि दुसरा चांगला. या फरकाचे कारण आवरणात नव्हते, ते लावण्याच्या पद्धतीत होते.

वस्तू मुळात काय आहे ते आधी सांगते, कारण आपल्याकडे घरे विटांची असल्यामुळे बहुतेकांनी ती पाहिलेली नसते. अमेरिका आणि कॅनडात बहुतेक घरांच्या भिंती लाकडी सांगाड्याच्या असतात आणि बाहेरच्या फळ्यांच्या मागे एक पातळ, पांढरट आवरण गुंडाळले जाते. हे आवरण पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही, मात्र वाफेला आरपार जाऊ देते. या जातीतला सर्वांत प्रसिद्ध पदार्थ म्हणजे टायव्हेक; पॉलिएथिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंचा हा पदार्थ ड्यूपॉन्ट कंपनीत 1955 मध्ये सापडला आणि 1967 पासून बाजारात आला. साध्या आवरणाचा पृष्ठभाग सपाट असतो. निचऱ्याच्या आवरणाला मात्र उभ्या सुरकुत्या, पन्हळी किंवा बारीक उंचवटे दिलेले असतात, जेणेकरून बाहेरचा बोर्ड आवरणाला चिकटून बसू नये. आम्ही घेतलेल्या आवरणावर साधारण एक मिलिमीटर उंचीचे ठिपके आहेत.

एक मिलिमीटरने असा काय फरक पडणार, ही शंका मलाही होती. म्हणून रोल घेण्यापूर्वी नमुन्याचे दोन तुकडे मागवले, एक सपाट आणि एक ठिपक्यांचा, आणि दोन्ही खिडकीच्या जुन्या काचेखाली पाटावर घट्ट बांधून पाट उभा केला. वरून पेल्याने हळूहळू पाणी सोडले. सपाट तुकड्यावर पाणी काचेखाली पसरले आणि तिथेच अडकले. दुपारी सोडलेले पाणी संध्याकाळी दिवा लावला तेव्हाही काचेमागे माशाच्या खवल्यांसारखे चिकटलेले दिसत होते. ठिपक्यांच्या तुकड्यावर मात्र पाण्याच्या बारीक धारा झाल्या, ठिपक्यांना वळसे घालत त्या खाली उतरल्या आणि पाटाखालच्या ताटलीत जमा झाल्या. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटलेले असले की केशाकर्षणाने पाणी त्यांच्यात धरून ठेवले जाते. थोडी फट मिळाली की गुरुत्वाकर्षणाचा जोर वरचढ होतो. या वस्तूचे सगळे मर्म एवढेच आहे. कारखान्यांच्या माहितीपत्रकात ज्या एएसटीएम (चाचण्यांची मानके ठरवणारी अमेरिकी संस्था) ई 2273 चाचणीचा उल्लेख असतो तीही हेच मोजते: बाहेरच्या बोर्डामागे मुद्दाम सोडलेल्या पाण्यापैकी किती टक्के पाणी तळातून बाहेर आले. निचऱ्याचे म्हणवणाऱ्या आवरणाकडून 90 टक्क्यांची अपेक्षा धरली जाते.

बोर्डाचे सांधे नीट भरले तर पाणी आत जाईलच कशाला, असा प्रश्न आमच्या कडियानेही (गवंड्यानेही) विचारला होता. प्रत्यक्षात ते जातेच. स्क्रूची भोके, खिडकीच्या चौकटीचे कोपरे, एसीच्या नळीसाठी पाडलेले भोक, सांध्यांत भरलेले पण उन्हाने आकसलेले सिलिकॉन यांपैकी कुठून ना कुठून वाऱ्याच्या दाबाने पाणी बोर्डामागे पोहोचते. कॅनडातल्या व्हँकुव्हर परिसरात 1980 आणि 1990 च्या दशकांत बांधलेल्या हजारो सदनिकांच्या भिंती आतून कुजल्या. भिंतीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला आणि सुकायला वाव नव्हता, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. त्या प्रकरणाच्या चौकशीसाठी 1998 मध्ये आयोग नेमावा लागला. पाणी शिरणार हे गृहीत धरून त्याला परत जाण्याची वाट ठेवावी, हा विचार त्यानंतर तिकडे पक्का झाला आणि ही आवरणे त्याच विचारातली आहेत.

आता आमच्या पहिल्या पावसाळ्याविषयी. आवरण लावताना मी स्वतः गच्चीवर उभी होते. सुरुवात तळापासून करायची आणि वरचा पट्टा खालच्या पट्ट्यावर निदान सहा इंच आणायचा, अगदी कौले चढवतात तसे, हे कामगारांना लगेच समजले. खिडकीपाशी मात्र दोनदा काम उलगडावे लागले. तिथे आधी खालच्या उंबऱ्याची पट्टी, मग दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, शेवटी वरची पट्टी आणि त्या वरच्या पट्टीवर आवरणाची घडी आली पाहिजे. हा क्रम चुकला तर वरून आलेले पाणी पट्टीच्या मागे शिरते आणि मग आवरणच ते पाणी आत जपून ठेवते. एवढे सगळे बघून घेतले आणि ज्या दिवशी तळाचे बोर्ड बसले नेमक्या त्याच दिवशी मी घरी नव्हते. ठेकेदाराने बोर्डांच्या तळाची फट चांगल्या जाड सिलिकॉनने भरून टाकली. नंतर विचारले तेव्हा तो अगदी मनापासून म्हणाला, "बेन (ताई), उघडे ठेवले असते तर पाली आणि मुंग्या शिरल्या असत्या." त्याच्या दृष्टीने ते काम सफाईचे होते. ज्या विक्रेत्याकडून रोल घेतला त्याने मात्र तळ मोकळा ठेवावा लागतो हे ना आम्हाला सांगितले, ना ठेकेदाराला, आणि रोलसोबत लावण्याच्या पद्धतीचा कागदही दिला नाही. ही माझी खरी तक्रार आहे.

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी शहरात पसरले तो पाऊस बडोदेकरांना वेगळा सांगायला नको. त्या आठवड्यानंतर खोलीत शिरले की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागला. सप्टेंबरात पश्चिमेच्या भिंतीवर जमिनीलगत जिप्सम बोर्डाचा कागद फुगला आणि त्यावर राखाडी ठिपक्यांची बुरशीची रांग उठली. ऑक्टोबरमध्ये तळाचा एक बोर्ड काढायला लावला. सिलिकॉनची पट्टी कटरने कापताच आतून पाणी आले, धार नव्हे पण कडेकडेने ओघळत राहील इतके, आणि पाऊस थांबून तर बरेच दिवस झाले होते. बोर्डामागे हात घालून पाहिला तर वरच्या भागात आवरण कोरडे आणि स्वच्छ होते. म्हणजे आवरणाने आपले काम चोख केले होते. पाणी त्याने तळापर्यंत आणून सोडले होते आणि तिथे ते कोंडून राहून खालच्या चॅनलमधून आत झिरपले होते.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. तळाचे सर्व बोर्ड उतरवले, जमिनीपासून वर थोडे अंतर सोडून पुन्हा बसवले, खाली बाहेरच्या बाजूला उतार असलेली पत्र्याची पट्टी दिली, आवरणाचे टोक त्या पट्टीवर आणले आणि फटीत पाली-मुंग्यांसाठी बारीक छिद्रांची स्टेनलेस जाळी बसवली. आतला खराब जिप्सम बोर्ड बदलला. 2025 च्या पावसाळ्यात जोराची सर येऊन गेल्यावर मी मुद्दाम गच्चीवर जाऊन पाहत असे: जाळीतून थेंब थेंब पाणी पट्टीवर पडत होते. आतली भिंत पूर्ण पावसाळा कोरडी राहिली, वास आला नाही. हवेतला दमटपणा अर्थात कोणतेही आवरण थांबवू शकत नाही, पण जुलैत लावलेल्या तबल्याचा सूर शिकवणी संपेपर्यंत टिकत होता, आणि या खोलीसाठी तीच मोठी गोष्ट आहे.

खरेदीच्या वेळी एका आकड्याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. तो म्हणजे वाफ आरपार जाऊ देण्याची क्षमता, जी माहितीपत्रकात एएसटीएम ई 96 चाचणीखाली पर्म या एककात लिहिलेली असते. विक्रेते जास्त आकड्याचा माल अधिक चांगला म्हणून दाखवतात. थंड देशात ते बरेचसे खरे आहे, कारण तिथे हिवाळ्यात घरातली ऊबदार, दमट हवा भिंतीतून बाहेर जाऊ पाहते. आपल्याकडे पावसाळ्यात उलटे घडते. बाहेर हवा बाष्पाने भरलेली, आत एसीचा गारवा, आणि भिजलेल्या सिमेंट बोर्डावर ऊन पडले की त्यातली वाफ आतल्या दिशेने ढकलली जाते. पन्नास पर्मच्या आवरणातून ती सहज आत येते. त्यामुळे आम्ही दहा ते वीस पर्मच्या दरम्यानचा माल घेतला आणि आतल्या भिंतीला ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिकचा वॉलपेपर न लावता साधा इमल्शन रंग दिला, म्हणजे जी थोडी वाफ आत येईल ती भिंतीतच अडकून राहणार नाही. आपल्या हवेत एसीच्या खोलीसाठी मी हाच सल्ला देईन.

हाताळणीत दोन गोष्टी खटकल्या. आवरणाचे प्लॅस्टिक उन्हात फार काळ उघडे ठेवता येत नाही आणि बडोद्याच्या मे महिन्यातले ऊन तर कोणाचीही गय करत नाही. बोर्ड येण्यास उशीर झाला तेव्हा आम्हाला भिंतीवर जुन्या ताडपत्र्या टांगून ठेवाव्या लागल्या. दुसरे म्हणजे ठिणगी. एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी लोखंडी स्टँडचे वेल्डिंग शेजारीच झाले आणि आवरणावर मोहरीएवढी सात-आठ भोके पडली. ती टेप लावून बुजवता आली, पण वेल्डिंगचे सगळे काम आवरण लावण्यापूर्वी उरकावे. हा पदार्थ पेट घेऊ शकतो, त्यामुळे स्वयंपाकघराच्या धुराड्याजवळच्या भिंतीला तो लावण्यापूर्वी जाणत्या माणसाला विचारावे. रोलच्या आकाराचीही अडचण झाली: आमची भिंत जेमतेम अठ्ठावीस चौरस मीटरची आणि रोल दीड मीटर रुंद, पन्नास मीटर लांब. सुटे कापून देणारे कोणी मिळाले नाही.

ज्यांचे घर विटांचे आणि वरून प्लास्टर केलेले आहे त्यांनी हे आवरण घेऊ नये. आम्हाला विक्रेत्याने खालच्या मजल्याच्या भिंतीलाही प्लास्टरखाली हे लावता येईल असे सांगितले होते; तो सल्ला चुकीचा आहे. प्लास्टर विटेला धरते, प्लॅस्टिकच्या कागदाला धरत नाही. परदेशात अशा आवरणावर प्लास्टर होते तेव्हा मध्ये धातूची जाळी सांगाड्याला ठोकलेली असते. विटांच्या भिंतीला ओल येत असेल तर पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) भेगा, छज्जाचा उलटा उतार, न्हाणीघराची गळकी नळी आणि जोत्यातून चढणारे पाणी यांचा शोध आधी घ्यावा. विटांच्या भिंतीवर बोर्ड, लाकूड किंवा एचपीएलच्या (दाबून केलेल्या कडक लॅमिनेटच्या) पट्ट्यांचे कोरडे क्लॅडिंग, म्हणजे बाहेरचे आच्छादन, करणाऱ्यांना मात्र याचा उपयोग आहे.

तिथेही माझे मत थोडे वेगळे झाले आहे. भिंतीची जाडी वाढवायला जागा असेल तर साधे सपाट आवरण घ्यावे, त्यावर उभ्या पट्ट्या मारून बोर्डामागे मोठी पोकळी सोडावी आणि ती वर-खाली जाळी लावून मोकळी ठेवावी. कॅनडात ओल्या किनारी भागांसाठी दहा मिलिमीटरची फट सांगितली जाते. एक मिलिमीटरच्या फटीतून पाणी उतरते खरे, पण हवा खेळत नाही. मोठ्या पोकळीतून हवाही खेळते, बोर्डाची मागची बाजू लवकर सुकते आणि उन्हाळ्यात तापलेल्या बोर्डाची धग सरळ आत येत नाही. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला शेजाऱ्यांच्या हद्दीमुळे जागाच नव्हती, म्हणून ठिपक्यांचे आवरण हाच योग्य पर्याय होता आणि तिथे मी पुन्हा तेच लावीन.

उत्तरेच्या भिंतीचे काम येत्या डिसेंबरात काढायचे आहे. तिकडे हात-दीड हात जागा मोकळी आहे, त्यामुळे पट्ट्या मारूनच बोर्ड बसवणार आहोत आणि उरलेला रोल पट्ट्यांच्या मागे वापरणार आहोत. ठेकेदार तोच आहे. तळाच्या जाळीचे माप त्याने या वेळी स्वतःहून आधीच घेऊन ठेवले आहे.