रेडिएटर तांब्याचा सांगितला, निघाला ॲल्युमिनियमचा: १,३०,५०० रुपयांना पडलेला वॉटर-कूल्ड संगणक

मी ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात गेली बावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवतो. तांब्याचे प्रमाण विभव अधिक ०.३४ व्होल्ट आणि ॲल्युमिनियमचे उणे १.६६ व्होल्ट, हे मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिले आहे की झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. विभवात इतका फरक असलेले हे दोन धातू एकाच पाण्यात राहिले की ॲल्युमिनियम कुरतडले जाते. हे ज्याला ठाऊक आहे अशा माणसाला कोणी तांब्याचा म्हणून ॲल्युमिनियमचा रेडिएटर (संगणकातले गरम झालेले पाणी थंड करणारी जाळी) विकावा आणि त्याने तो अकरा आठवडे तांब्याच्या वॉटर ब्लॉकसोबत (चिपवर बसवलेला, आतून पाणी फिरणारा ठोकळा) एकाच पाण्यात चालवावा, ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये अजून कोणालाही सांगितलेली नाही. येथे सांगतो आहे, कारण तो मनुष्य ठाणे आणि नवी मुंबईत अजूनही हेच सुटे भाग विकत असावा, असे मानायला मला जागा आहे.

संगणक मुलीसाठी होता. ती आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे आणि तिची रेंडरिंगची कामे रात्र-रात्र चालतात. घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या वरच्या मजल्यावरील घरात एप्रिल-मे महिन्यांत त्या यंत्राचे पंखे असे काही घोंघावत की शेजारच्या खोलीत झोप लागत नसे. तयार मिळणारा बंदिस्त कूलर प्रोसेसरला पुरला असता, पण मुख्य उष्णता ग्राफिक्स कार्डाची होती. म्हणून दोन्हींना स्वतंत्र वॉटर ब्लॉक, ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर, एक पंप आणि टाकी, असा पूर्ण कस्टम लूप, म्हणजे पाणी फिरवून थंड करण्याची व्यवस्था, घरीच जुळवायचा असे आम्ही दोघांनी ठरवले. रंगीत पाणी आणि दिवे दाखवण्याची हौस त्यामागे नव्हती, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे, कारण नंतर ज्याला ज्याला सांगितले त्याने प्रथम हेच विचारले.

ग्राफिक्स कार्ड मी लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून ६१,५०० रुपयांना रीतसर बिलाने घेतले. लूपचे सामान मात्र तेथे एकत्र मिळेना. तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याने नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या एका ओळखीच्या माणसाचा क्रमांक दिला. विद्यार्थ्याचा यात काही दोष नाही. त्याने त्याच्याकडून फक्त कीबोर्ड घेतला होता. या मनुष्याने पहिल्याच फोनवर मला ‘सर’ म्हटले आणि शेवटपर्यंत ‘सर’च म्हणत राहिला. शिक्षकाला फसवायला या एका शब्दाहून जास्त भांडवल लागत नाही.

मी बाजारभावाची चौकशी केली नव्हती असे नाही. प्रोसेसरचा ब्लॉक ९,५००, ग्राफिक्स कार्डाचा १६,५००, पंप आणि टाकी १४,०००, दोन रेडिएटर मिळून १७,०००, वीस फिटिंग (नळ्यांचे जोड) १२,००० आणि नळ्या, पाण्यात घालायची औषधे वगैरे ३,५००, अशी माझ्या वहीत ७२,५०० रुपयांची बेरीज होती. त्याने सगळ्याचे मिळून ५८,००० सांगितले. निम्म्या किमतीत देतो म्हणाला असता तर मी तेथेच फोन ठेवला असता. पण १४,५०० रुपयांची सवलत ही संशय येण्याइतकी मोठी नसते आणि मोह सुटण्याइतकी लहानही नसते. ९ ऑगस्ट २०२५ रोजी मी यूपीआयने २०,००० रुपये आगाऊ पाठवले. दोन दिवसांनी त्याने स्वतःहून १,५०० रुपये परत पाठवले आणि कळवले की फिटिंग थोड्या स्वस्त पडल्या, तुमचे जास्त कशाला ठेवू. तो दीड हजाराचा गळ होता हे आज कळते. तेव्हा मी बायकोला कौतुकाने सांगितले होते की अजून प्रामाणिक माणसे आहेत. त्याने बिलाचा विषय मात्र कधी काढला नाही आणि मीही काढला नाही. जीएसटीचे बिल घेतले असते, तर त्यावरचा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून तो कोणाच्या नावावर आहे हे मला घरबसल्या आणि फुकट पाहता आले असते. महाराष्ट्रातील व्यापाऱ्याचा क्रमांक २७ ने सुरू होतो, एवढे तरी पाठ करून ठेवा.

आता त्या दिवसाविषयी. १७ ऑगस्ट, रविवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास कोपरखैरणे स्थानकाबाहेर तो दुचाकीवरून दोन खोकी घेऊन आला. मुलगी सोबत होती. पाऊस भुरभुरत होता, त्यामुळे आम्ही तिकीट खिडकीजवळच्या आडोशाला उभे राहिलो आणि त्याने वरचे खोके उघडून ब्लॉक दाखवले. ब्लॉक खरे होते. पारदर्शक ॲक्रिलिकच्या खाली तांब्याच्या बारीक पात्या लखलखत होत्या आणि त्या पाहून माझे समाधान झाले. रेडिएटरचे खोके मी उघडायला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “सर, पावसात नको, पात्या वाकतील. काळा रंग आहे वरून, आत सगळं तांबं आणि पितळ.” त्या खोक्यावरची मूळ चिकटपट्टी कापून वर दुसरी लावलेली होती. ती मी पाहिली. पाहिली, आणि मनात म्हटले की त्याने माल तपासून आणला असेल.

मग मी ते खोके उचलले. दोन रेडिएटर असलेले खोके मी एका हाताने उचलून काखेत धरले, आणि मुलगी म्हणाली, “बाबा, हलकं नाही वाटत?” तांब्याची घनता ८.९६ आहे आणि ॲल्युमिनियमची २.७०. तांब्या-पितळेचा ३६० चा रेडिएटर एकटाच साधारण किलोच्या आसपास भरतो. माझ्या हाताला वजन कळले होते, माझ्या मुलीला ते कळले होते, आणि मी, तिचा बाप आणि रसायनशास्त्राचा शिक्षक, तिला म्हणालो, “अगं, पातळ जातीचे असतील.” त्या माणसाने तर काही बोलण्याचीही तसदी घेतली नाही; त्याचे खोटे मीच माझ्या तोंडाने पुरे केले. उरलेले ३८,००० रुपये मी तेथेच उभ्या उभ्या पाठवले. कोपरखैरण्याहून ठाण्यापर्यंत लोकलमध्ये ते खोके वीसेक मिनिटे माझ्या मांडीवर होते. घणसोली, रबाळे, ऐरोली अशी स्थानके गेली आणि एकदाही माझ्या डोक्यात आले नाही की स्वयंपाकघरात ६०० रुपयांचा वजनकाटा आहे, निदान घरी गेल्यावर त्यावर हे ठेवून पाहावे. तो काटा मी नोव्हेंबरमध्ये वापरला. एक रेडिएटर ६१० ग्रॅम भरला.

रेडिएटर घेताना वजन करा. चुंबक लावून काही कळत नाही, कारण चुंबकाला तांबेही चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमही. फिटिंग बसवायच्या आट्यांच्या तोंडाशी टाचणीने रंग खरवडा; आत पिवळट-लाल दिसले तर ठीक, चांदीसारखे पांढरे दिसले तर पैसे देऊ नका. त्यासाठी विक्रेता खोके उघडू देत नसेल तर तेथूनच परत फिरा, पाऊस असो वा ऊन.

जुळणी आम्ही अगदी पुस्तकी काळजीने केली, आणि हेच आता जास्त झोंबते. हीट गनने नळ्या तापवून, आत सिलिकॉनची दोरी घालून वाकवल्या. चार नळ्या वाया गेल्या. मदरबोर्डला वीज न देता, पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या जोडणीवर जम्पर लावून फक्त पंप चालवला आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून पूर्ण २४ तास गळती तपासली. एक थेंब आला नाही. पाणी डिस्टिल्ड वापरले आणि शेवाळ धरू नये म्हणून त्याच माणसाने दिलेल्या बाटलीतले जंतुनाशक थेंब घातले. बाटलीवर कॉपर सल्फेट, म्हणजे मोरचूद, असे लिहिले होते. सगळा लूप तांब्याचा असता तर त्यात काही वावगे नव्हते. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर मोरचुदाचे द्रावण टाकले की काय होते, हे मी दरवर्षी मुलांना करून दाखवतो. घरी मात्र तो प्रयोग मी साठ हजारांच्या कार्डाच्या डोक्यावर मांडून ठेवला होता. पाण्यातले तांब्याचे आयन ॲल्युमिनियमवर जाऊन बसतात, तेथे असंख्य बारीक विद्युतघट तयार होतात आणि धातू आतून खड्डे पडत कुरतडला जातो. त्या माणसाला हे ठाऊक असावे असे मला वाटत नाही. ठाऊक असते तर निदान भांडे लवकर फुटू नये म्हणून त्याने ती बाटली दिली नसती.

ऑगस्टअखेरीस प्रोसेसरचे तापमान पूर्ण भारावर ६८ अंश होते. दसऱ्यानंतर ते ७९ झाले, दिवाळीत ९१. मी फोन केला, तर उत्तर मिळाले की लूपमध्ये हवा अडकली असेल, यंत्र थोडे तिरके करून पाहा. मी पाहिले. ८ नोव्हेंबरच्या रात्री वरच्या रेडिएटरला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले आणि पाणी थेट ग्राफिक्स कार्डावर ठिबकले. दुसऱ्या दिवशी ब्लॉक उघडला तेव्हा पात्यांच्या फटींत पांढरा बुळबुळीत साका दाटून बसलेला होता. रेडिएटरचा कीस काढून मी सौम्य कॉस्टिक सोड्यात टाकला आणि लगेच बुडबुडे सुटू लागले. तांबे असे करत नाही. कार्ड मेले होते आणि पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे मला ठाऊकच होते.

येथवर वाचून कोणाला माझी कीव आली असेल तर पुढचे वाचून ती जाईल. मी त्याला फोन करून खडसावले. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग जवळजवळ रडवेल्या आवाजात म्हणाला, “सर, मलाच फसवलं हो वरच्यानं.” पुरवठादार दोन्ही रेडिएटर बदलून देतो आहे, कार्डाचीही भरपाई देणार आहे, फक्त माल सोडवायला आयात शुल्क भरायचे आहे, २५,००० पैकी अर्धे मी भरतो, अर्धे तुम्ही भरा, असे त्याने सांगितले. फसवणाऱ्याने आपणही फसल्याचे सांगितले की फसलेल्याला तो एकदम आपला वाटू लागतो, दुसरे काय कारण देऊ? १२ नोव्हेंबरला मी १२,५०० रुपये पाठवले. १९ तारखेपासून फोन बंद. हिशोब असा: ५८,००० वजा परत आलेले १,५००, अधिक १२,५००, म्हणजे ६९,०००, त्यात कार्डाचे ६१,५०० मिळवले की १,३०,५०० रुपये.

त्यानंतर पाच दिवस मी लाजेने गप्प बसलो. ही चूक तुम्ही करू नका. पैसे गेल्याचे कळताच त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण समोरच्याच्या खात्यातून रक्कम पुढे सरकली की ती गोठवणे अवघड होत जाते.

माझ्या बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार अधिकृत आहे. ॲपमधून केलेली तक्रार दोन वेळा ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद झाली. काय निराकरण झाले हे विचारायला गेलो तर शाखेतील बाईंनी मला टोल-फ्री क्रमांक दिला, ज्यावर मी आदल्या दिवशी चाळीस मिनिटे संगीत ऐकले होते. घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेलो तर व्यवहार कोपरखैरण्याला झाला, तिकडे जा, असे उत्तर मिळाले. खाडीपलीकडच्या पोलीस ठाण्यात गेलो तर पैसे ठाणे शहरातल्या खात्यातून गेले, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची असते, हे मी छापून नेले होते. अधिकाऱ्यांनी कागद वाचला, परत दिला आणि विचारले, “पण सर, वस्तू तर मिळाली ना तुम्हाला?” मी म्हणालो की तांब्याऐवजी ॲल्युमिनियम मिळाले. ते म्हणाले की ही दिवाणी बाब आहे. सोन्याऐवजी पितळ दिले असते तर दिवाणी झाली असती का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे वर्गात उलट प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे पाहावे तसे पाहिले. कॉस्टिक सोड्याच्या चाचणीविषयी सांगितले तर तुमची स्वतःची चाचणी चालत नाही, सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आणा, असे उत्तर आले. बावीस वर्षे मी दर फेब्रुवारीत मुलांच्या प्रात्यक्षिकांना गुण देत आलो आहे आणि ते गुण सरकारला चालतात. तिसऱ्या खेपेला एका हवालदारांनी दया येऊन साधा अर्ज घेतला. रेडिएटर म्हणजे काय हे मी त्यांना दोनदा समजावले. पोचपावती बाहेर येऊन वाचली, तर तीत ‘गाडीचा रेडिएटर खराब दिल्याबाबत’ असे लिहिले होते. मी पुन्हा आत गेलो नाही.

ग्राहक आयोगाकडे जायचे ठरवले आहे. आपण राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे ही वाट निदान माझ्या घराजवळून जाते. अडचण एवढीच की नोटीस पाठवायला पत्ता लागतो, आणि माझ्याकडे स्थानकाबाहेरचा आडोसा एवढाच त्याचा पत्ता आहे. दुचाकीचा क्रमांक मी टिपला नाही. तो बोलायचे ते सगळे फोनवर बोलायचा, संदेशात कधी काही लिहायचा नाही, हेही आता संदेश चाळताना दिसते. त्याच्या नावाने माझ्याकडे ‘ओके सर’ असे सतरा संदेश आहेत. यूपीआयने पैसे पाठवताना खालच्या रिकाम्या चौकटीत ‘तांब्याचे दोन रेडिएटर’ असे तीन शब्द लिहिले असते तर तेवढा तरी पुरावा बँकेच्या कागदावर राहिला असता. तुम्ही लिहा.

गेल्या आठवड्यात पोलीस ठाण्यातून पहिला फोन आला. अर्ज चौकशीला घेतला आहे, असे पलीकडचे गृहस्थ अदबीने म्हणाले, आणि मला खरोखर बरे वाटले. मग त्यांनी गाडीचा नंबर विचारला.